पतंग मोठा की रेडा

मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असताना बापाने तोंडात सतत घास धरून बसावं, असं माझं आता ठाम मत झालं आहे. घास मोठा असावा, चिवट असावा, आणि तो गिळला जाण्याआधी पुढचा हातात तयार असावा. त्या रविवारी माझ्या ताटात खायला कमी नव्हतं. रीतीप्रमाणे पातुलोत मंडळी मुलासाठी मागणी घालायला आमच्या घरी आली होती आणि रीतीप्रमाणे येताना जेवण घेऊन आली होती. शेंगदाण्याच्या दाट रश्श्यातलं कारे-कारे होतं, शेवयांचं पान्सित होतं, अंड्याचं लेचे फ्लान तर असं थरथरत होतं की त्याच्याकडे पाहून आमच्या फ्रीजलाही कापरं भरावं. पण ज्या क्षणी माझं तोंड भरलेलं असायला हवं होतं, नेमकं त्याच क्षणी ते रिकामं होतं.

आम्ही मारिकिनाचे. आमच्या गावात दोन गोष्टी उदंड पिकतात, बूट आणि बास्केटबॉलवरची मतं. बूट मी आयुष्यभर विकले. मतं मात्र फुकट वाटत आलो. आमची रोवेना दातांच्या दवाखान्यात काम करते. मुलगा जेर्विन कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा मी समजल्यासारखी मान हलवली, त्यामुळे आता तिसऱ्यांदा विचारायची सोय राहिलेली नाही. मुलगा गुणी. आई कारिदाद बाई गोड. वडील होनोरिओ पातुलोत हे बाजारातल्या तराजूंचे निवृत्त तपासनीस. त्यांनी माझ्याशी हात मिळवला तेव्हाही मला वाटलं, हा माणूस माझ्या हाताचं वजन करतोय.

तारखेची बोलणी झाली, चर्चची झाली, बायकांनी मेजवानीचा विषय काढला. होनोरिओंनी ओठ पुसले आणि भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर देव्हारा, त्याच्या शेजारी फोटो.

"हा नार्दो बार्रेदो ना?" ते म्हणाले.

"तोच," मी म्हणालो. माझा आवाज आपोआप चर्चमधल्यासारखा झाला.

"आणि खाली कोण बसलंय?"

"मी."

आता ह्या फोटोबद्दल थोडं सांगायला हवं. बार्रेदो म्हणजे आमच्या पिढीचा 'पतंग'. बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये तो आला, तीन वर्षं आकाशात राहिला, आणि एका संध्याकाळी गुडघा मोडून जमिनीवर उतरला तो कायमचाच. पण ती तीन वर्षं! असा बार्रेदो एकदा आमच्या दुकानात बूट घ्यायला आला आणि त्याच्या पायात बूट मी घातला. मालकांनी फोटो काढला. त्यात बार्रेदो खुर्चीत बसून हसतोय आणि मी गुडघ्यावर बसून बूट चढवतोय. माझा चेहरा दिसत नाही, भांग दिसतो. पण भांग माझाच आहे, आणि त्या काळी केस भरघोस होते.

"चांगला होता," होनोरिओ म्हणाले. "तीन वर्षं."

'तीन वर्षं' हे शब्द त्यांनी असे उच्चारले, की जणू एखादा विक्रेता किलोमागे तीनशे ग्रॅम मारताना त्यांनी पकडला होता.

इथेच मी घास घ्यायला हवा होता. मी दोस्तीतलं 'पारे' लावून म्हणालो, "पारे, तीन वर्षं म्हणजे शिखर होतं. तेवढं उंच कोणीच गेलं नाही."

"शिखरावर कोणी राहत नाही, पारे. राहायला जमीन लागते. मॅक्सिमो दाकाय अठरा वर्षं खेळला. सात विजेतेपदं. ह्याला म्हणतात मागे काहीतरी ठेवून जाणं."

दाकाय म्हणजे 'रेडा'. हे टोपणनाव मी ठेवलेलं नाही, सगळा देश त्याला प्रेमाने रेडाच म्हणायचा. चिखलातून नांगर ओढावा तसा तो खेळायचा. कोपरं, कंबर, घाम. सामना संपला की विजेतेपद त्याच्या हातात असायचं आणि ते कसं आलं ते कोणालाच आठवत नसायचं.

"अठरा वर्षं!" मी म्हणालो. "अहो, आमच्या दारात फणसाचं झाड त्याहून जास्त वर्षं उभं आहे. त्याला काय चषक द्यायचा?"

"दाकायला झाड म्हणता?"

"मी झाडाचा अपमान कशाला करू?"

"पानिंग," आमची ओफेलिया हळूच म्हणाली. माझं नाव एपिफानिओ. घरात आणि गल्लीत पानिंग. ती ज्या सुरात पानिंग म्हणाली तो सूर मला ओळखीचा होता, पण उतारावर जीपनीला ब्रेक लागायला जरा वेळ लागतो.

"बार्रेदोचा गुडघा मोडला नसता तर..." मी सुरू केलं.

"नसता तर!" होनोरिओ हसले. "आत्याबाईला मिशा असत्या तर आपण तिला काका म्हटलं असतं."

हे हसणं मला लागलं. मी म्हणालो, "तुमचं बरोबर आहे. जन्म तराजू तपासण्यात गेला. एका पारड्यात भोपळा ठेवला, दुसऱ्यात सोन्याची अंगठी ठेवली, तर तुम्ही शपथेवर सांगणार की भोपळाच मोठा!"

टेबलावरचे चमचे थांबले. फ्लानसुद्धा थरथरायचं थांबलं. होनोरिओ उठले. "कारिदाद, चल," ते म्हणाले. कारिदाद बाईंच्या तोंडात तेव्हा चमचा होता. तो तसाच तोंडात ठेवून त्या उठल्या, आणि पंधरा मिनिटांनी जेर्विन चमचा परत द्यायला आला तेव्हा त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

रोवेना दवाखान्यात दिवसभर लोकांना 'आ करा' म्हणत असते, त्यामुळे तिच्या आवाजात एक अधिकार आहे. ती समोर उभी राहिली.

"ताताय, पुढच्या रविवारी गावचा फिएस्टा. तोवर तुम्ही दोघांनी हे मिटवायचं. नाही मिटलं तर मी आणि जेर्विन नगरपालिकेत जाऊन सह्या करू. चर्च नाही, पांढरा झगा नाही, आणि माझ्या हाताला धरून मला कोणी न्यायचं नाही."

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम हळू म्हटलं. ही पोर पाळण्यात होती तेव्हापासून मी मनातल्या मनात ती चाल चालत आलोय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की बुटांच्या कपाटांमधल्या वाटेवरून एक हात वाकवून सावकाश चालायचो. मालक विचारायचे, खांदा दुखतो का? मी हो म्हणायचो.

त्या रात्री झोप आली नाही. म्हणजे आली, पण मानाने आली नाही.

सकाळी मी आलिंग पुरिंगच्या दुकानात पाव आणायला गेलो. (आमच्याकडे वयाचा मान म्हणून बाईच्या नावाआधी आलिंग आणि पुरुषाच्या नावाआधी मांग लावतात.) हे दुकान आमच्या शेजारीच आहे आणि आलिंग पुरिंगचे कान दोन्ही घरांच्या भिंतींमध्ये बसवलेले आहेत.

"माफी मागू नका, मांग पानिंग," पाव बांधता बांधता ती म्हणाली. "मुलीच्या बापाने आधी माफी मागितली की पुढे नातवाच्या बाप्तिस्म्याला त्याला पंख्यापासून लांब बसवतात. माझ्या भावाचं तेच झालं."

बाहेर मांग दोरो आपली तीनचाकी लावून बसला होता. तो म्हणाला, "तिसरं नाव काढा, कुया. दोघांनी मिळून तिसऱ्यालाच मोठा म्हणायचं. माझ्या सासऱ्याशी मी असंच मिटवलं."

"मग?"

"मग आता आम्ही चौथ्यावरून भांडतो."

"तटस्थ माणूस गाठा," आलिंग पुरिंग म्हणाली. "बरांगायच्या कार्यालयात जा. कुंपणाची भांडणं ते मिटवतात, कोंबड्यांची मिटवतात, मग दोन खेळाडूंचं काय एवढं?"

बरांगाय म्हणजे आमचा वॉर्ड, आणि ही सूचना मला पटली. मला फक्त एक छोटंसं, सभ्य, निःपक्षपाती मत हवं होतं, की बार्रेदोचं शिखर सर्वांत उंच होतं. त्यानंतर दाकायच्या अठरा वर्षांबद्दल काय हवं ते कौतुक करायला मी मोकळा होतो. माणसाने एवढीही अपेक्षा ठेवू नये का?

कार्यालयातल्या मुलीने मान वर न करता विचारलं, "तक्रार काय?"

"तक्रार नाही. मत हवंय."

"मत द्यायचा विभाग नाही. कुत्रा, कचरा, कराओके, कुंपण, अपमान, मारहाण. ह्यातलं काय?"

"ह्यातलं काहीच नाही."

"मग तुम्ही आलाच नाहीत."

"म्हणजे? मी तर समोर उभा आहे."

"नोंद नाही म्हणजे आला नाहीत. पुढचे!"

माझ्या मागे कराओकेवाल्यांची मोठी रांग होती. मी घाईघाईने त्यातल्या त्यात सौम्य शब्द निवडला. "अपमान."

"कोणी केला?"

"तसा दोघांनी एकमेकांचा."

"दोघंही तक्रारदार होता येत नाही. तुम्ही इथे आहात म्हणजे तुम्ही तक्रारदार. ते इथे नाहीत म्हणजे त्यांच्याविरुद्ध तक्रार. नाव आणि पत्ता सांगा."

मला वाटलं, एखादी विनंतीची चिठ्ठी जाईल. सवडीने यावे, चहा घ्यावा, अशा अर्थाची. प्रत्यक्षात मंगळवारी संध्याकाळी गणवेशातले दोन रखवालदार मोटारसायकलवरून नदीपलीकडे पातुलोतांच्या घरी गेले. त्या वेळी त्यांच्या अंगणात अख्ख्या गल्लीची प्रार्थनेची मंडळी जमलेली होती. प्रार्थनेच्या आवाजात हाक ऐकू जाईना, म्हणून त्यांतल्या एकाने शिट्टी फुंकली.

फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"पोलिस पाठवलेत माझ्या घरी?" होनोरिओ ओरडले.

"पोलिस नव्हेत हो, रखवालदार."

"शिट्टी होती!"

"शिट्टी असली तरी..."

"फादरसमोर! फादर मला म्हणाले, होनोरिओ, मन मोकळं करायचं असेल तर मी आहे. मी गुरुवारी येणार. आणि पुरावे घेऊन येणार!"

ओफेलियाला मी हे सांगितलं. ती पर्स उचलून कुठेतरी निघाली. मला वाटलं, मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जात असेल. त्या आठवड्यात ती बरीच बाहेर होती. मला वाईट वाटायचं. माझ्यामुळे बिचारीला किती प्रार्थना कराव्या लागताहेत!

गुरुवारी कार्यालयाला रंग लावायला काढला होता, म्हणून सुनावणी शेजारच्या बास्केटबॉल कोर्टवर ठेवली. कोर्टाचं काम कोर्टवर चालणार, हा विनोद येणारा प्रत्येक माणूस मला नव्याने ऐकवत होता. आणि येणारे कमी नव्हते. बातमी पसरली होती. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते. एकाने उकडलेल्या शेंगा विकायला आणल्या होत्या. एका टोकाच्या बास्केटखाली टेबल, टेबलामागे तिघे मध्यस्थ. पहिले गृहस्थ माझ्याकडे पाहून ओळखीचं हसले आणि पुटपुटले, "पतंग!" माझा जीव भांड्यात पडला. दुसरे बेकरीवाले. त्यांच्या धाकट्या मुलाचं नाव मॅक्सिमो आहे, हे मला होनोरिओंच्या चेहऱ्यावरच्या समाधानावरून कळलं. तिसऱ्या एक वयस्क बाई होत्या. त्या व्हॉलीबॉलच्या भोक्त्या. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं, "ह्या दोघांनी मिळून सेट किती जिंकले?"

होनोरिओंनी पिशवीतून पितळी तराजू काढला. गर्दीतून 'ओऽऽ' असा आवाज आला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, काटा जुळवला, फुंकर मारली.

"दाकायचं एक विजेतेपद म्हणजे एक वजन," ते म्हणाले, आणि एका पारड्यात एकेक पितळी वजन ठेवत गेले. प्रत्येक वजनासरशी वर्ष सांगायचे आणि बेकरीवाले 'बरोबर' म्हणायचे. पारडं टेबलाला टेकलं. मग दुसऱ्या पारड्यात त्यांनी एक वजन ठेवलं. "हा बार्रेदो. एकच." पारडं हललंसुद्धा नाही. "माझं म्हणणं संपलं."

टाळ्या पडल्या. पहिल्या मध्यस्थांनी डोळ्यांनी खुणावलं, बोला की!

"सन्माननीय मंडळी," मी उभा राहिलो, "भाताचं वजन होतं. पण भाताला जो वास येतो त्याचं काय करणार? त्या अंतिम सामन्यात मी होतो. बार्रेदो उडाला. समोरचे दोघे त्याच्याबरोबर उडाले. ते दोघे खाली आले. बार्रेदो वरच! मी शेंग सोलली, दाणे खाल्ले, टरफल खिशात ठेवलं, तरी वरच!"

"वर म्हणजे किती?" व्हॉलीबॉलच्या बाईंनी विचारलं.

"दाखवा!" मागून कोणीतरी ओरडलं.

इथे अक्कल असलेला माणूस हात वर करून उंची दाखवतो. पण गर्दी टाळ्या वाजवत होती, डोक्यावर बास्केट होतं, आणि दिमागिबा ह्या आमच्या आडनावाचा अर्थ 'न ढासळणारा' असा आहे. मी दोन पावलं मागे गेलो, धावलो आणि उडी मारली.

वर जातानाचं मला काहीच आठवत नाही, कारण तो भाग फार लहान होता. खाली आलो तो मात्र अजून लक्षात आहे. कंबरेत अशी उसण भरली की मी काटकोनात वाकून तसाच उभा राहिलो, पडलेलं नाणं शोधतोय असा. वरून होनोरिओंचा आवाज आला.

"हे शिखर," ते म्हणाले.

हशा ओसरेपर्यंत मी त्याच अवस्थेत होतो. तेवढ्यात कॅप्टन मिलाग्रोस आल्या. ह्या आमच्या बरांगायच्या प्रमुख. गटाराच्या पाहणीवरून आल्यामुळे त्या आधीच तापलेल्या होत्या. त्यांनी गर्दी पाहिली, तराजू पाहिला, माझी पाठ पाहिली.

"प्रतिवादी राहतात कुठे?" त्यांनी विचारलं.

"नदीपलीकडे," होनोरिओ म्हणाले.

"नदीपलीकडे? ते दुसरं शहर! तिथल्या माणसाला इथे बोलवायचा अधिकार आम्हाला दिला कोणी?" कार्यालयातली मुलगी एकदम रंगाचा डबा न्याहाळू लागली. "झालेलं काहीच झालेलं नाही. मांग पानिंग, तुम्ही आला नव्हतात. साहेब, तुम्हीही आला नव्हतात. रविवारी फिएस्टाचा जुन्या खेळाडूंचा सामना आहे. तुमचा पतंग येतोय, तुमचा रेडा येतोय. शेजारी शेजारी बसून बघा, डोळे निववा, आणि मला गटारं तुंबलेली आहेत ती साफ करू द्या."

आणि अशा रीतीने मी पहिल्यांदा आलो नव्हतो आणि दुसऱ्यांदाही आलो नव्हतो. कंबर मात्र खरोखर दुखत होती.

रविवारी कंबरेला पट्टा बांधून आणि अंगभर मलमाचा वास घेऊन मी सामन्याला गेलो. रोवेनाने जेर्विनला आम्हा दोघांच्या मध्ये बसवलं होतं. स्वतः ती आली नव्हती, तिला काम होतं. होनोरिओ माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलम पाठीवर खालून वर चोळायचं असतं." मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "माहीत आहे." एवढाच संवाद.

खेळाडू आले. नार्दो बार्रेदोला मी क्षणभर ओळखलंच नाही. माझा पतंग आता ढगासारखा झाला होता. दाकायने चष्मा घातला होता आणि तो दोरीने डोक्याला बांधला होता. लोकांनी छत उडेल असा जल्लोष केला. दोघांनी हात वर केले आणि तेवढ्यानेच दोघांना थोडी धाप लागली.

थोड्या वेळाने चेंडू बार्रेदोकडे आला. तो बास्केटखाली होता. समोर दाकाय. बार्रेदो गुडघ्यात वाकला. सगळे खुर्च्यांवरून अर्धे उठले. आणि तो उडाला.

किती उडाला ते मी सांगणार नाही. बुटाखालून वर्तमानपत्र सरकवता आलं असतं, पण पुरवण्या काढून. दाकायने त्याला अडवायला कंबर लावली आणि मग दोघे एकमेकांना टेकून उभे राहिले. अडवाअडवी कुठे संपली आणि आधार कुठे सुरू झाला ते पंचालाही कळेना. त्याने शिट्टी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली घेतली.

मी डोळ्याच्या कोपऱ्यातून होनोरिओंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हसतील. 'हे शिखर' म्हणतील. ते हसत नव्हते.

"गुडघ्याची पट्टी सैल बांधलीय त्याने," ते पुटपुटले. "त्याला कोणी सांगत कसं नाही? तोच गुडघा आहे तो."

"दाकायला पाणी द्यायला हवं," मी म्हणालो. "चेहरा बघा कसा झालाय. नेहमी स्वतःआधी दुसऱ्यांना पाणी देतो, जुनी खोड."

आणि ह्या क्षणी आमच्या जावईबापूंना वाटलं की आपणही काहीतरी चांगलं बोलावं. पोरगा मनाने निर्मळ. आठवडाभर दोन्हीकडून रुसवे सोसलेला. आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून तो हसत म्हणाला, "पापा, तितो, ह्या दोघांवरून एवढं भांडलात? खरं सांगू का? आजच्या पोरांपुढे दोघंही दहा मिनिटं टिकले नसते."

मी होनोरिओंकडे पाहिलं. होनोरिओंनी माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणालास?" होनोरिओ उभे राहिले.

"परत म्हण," मीही उभा राहिलो. पट्ट्यासकट, एका झटक्यात. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

"बार्रेदो टिकला नसता?" होनोरिओ गरजले. "अरे, त्या अंतिम सामन्याला मीही होतो! वरच्या कठड्याला लोंबकळत होतो! तो उडाला, मी बाटलीतून घोट घेतला, झाकण लावलं, बाटली शेजाऱ्याला दिली, तेव्हा कुठे तो खाली आला! त्याचा गुडघा मोडला त्या दिवशी मी जेवलो नाही. विचार तुझ्या आईला!"

"आणि दाकाय?" मी ओरडलो. "अठरा वर्षं! तीन नोकऱ्या बदलल्यास तू एवढ्यात! नाक मोडलं, बोटं मोडली, दुसऱ्या दिवशी हा माणूस मैदानावर हजर! हवेत उडणाऱ्याला सगळे बघतात रे, पण खाली उभं राहून भार कोण सोसतो?"

"वारं आलं की पतंग कोणीही उडवेल म्हणतो का हा?"

"नांगर ओढून दाखव म्हणावं एक दिवस!"

"बॅडमिंटन खेळतो तो, पारे," होनोरिओ एकदम खालच्या आवाजात म्हणाले, घरातला आजार सांगावा तसे. "मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"लोक बघताहेत हो," जेर्विन म्हणाला. लोक बघतच होते. खेळ थांबला होता. बार्रेदो आणि दाकाय एकमेकांना टेकलेले तसेच आमच्याकडे पाहत होते, आणि विश्रांती मिळाल्याबद्दल दोघांच्याही चेहऱ्यावर कृतज्ञता होती. मग दोन रखवालदार आले. तेच दोघे. शिट्टी फुंकून त्यांनी आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच कुठूनतरी हाकलला गेलो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण फार बरं वाटलं.

बाहेर पायरीवर होनोरिओंनी मला हात धरून बसवलं. बराच वेळ आम्ही धापा टाकत होतो.

"पारे," ते शेवटी म्हणाले, "मी मुलाचा बाप. मी असं बोलू नये. पण असल्या मुलाला तुम्ही मुलगी देऊ नका."

"छे छे! असं कसं बोलता? पोरगा लाखात एक आहे. वाचन कमी पडलंय एवढंच. आपण दोघं शिकवू त्याला. शनिवारी तुम्ही, रविवारी मी."

"बार्रेदोचं तुम्ही शिकवा. त्या उंचीला माझं माप पुरत नाही," ते म्हणाले. होनोरिओ पातुलोतांसारख्या माणसाच्या तोंडून ह्याहून जास्त अपेक्षा करणं हावरटपणा झाला असता. मीही उदार झालो. "भोपळ्याचं मी बोललो ते मागे घेतो."

"कशाला? भोपळा पौष्टिक असतो."

आम्ही मांग दोरोची तीनचाकी केली आणि निघालो. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होतो. घरात शिरायचं, बायको आणि मुलगी चिंतेने बसलेल्या असतील, आपण दारात थांबायचं, होनोरिओंच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि गंभीरपणे म्हणायचं, 'आम्ही मिटवलंय.' होनोरिओ म्हणाले, पहिलं वाक्य ते बोलतील, ते पाहुणे आहेत. मी म्हणालो, घर माझं आहे. गल्लीच्या तोंडापर्यंत आमचा ह्यावरून थोडा वाद झाला, पण तो प्रेमाचा.

दार उघडं होतं. आत ओफेलिया आणि कारिदाद बाई जमिनीवर बसल्या होत्या. मध्ये केकचे सहा नमुने होते आणि दोघी प्रत्येकातलं थोडं थोडं खाऊन बघत होत्या. स्टुलावर रोवेना उभी होती, पांढऱ्या झग्यात. शिंपीण तोंडात टाचण्या धरून खालची कड मुडपत होती.

होनोरिओ घसा खाकरून म्हणाले, "आम्ही मिटवलंय."

"बरं केलंत," कारिदाद बाई म्हणाल्या. "हा नारळाचा चाखून बघा, कोरडा वाटतो का?"

"चर्च..." मी म्हणालो.

"ठरलं. सोमवारीच ठरलं," ओफेलिया म्हणाली.

"कुठल्या सोमवारी?"

"तू बरांगायला गेलास त्या सोमवारी. घर रिकामं मिळालं. मंगळवारी मेजवानीचं केलं, गुरुवारी तुम्ही दोघं कोर्टवर होतात तेव्हा पाहुण्यांना फोन केले. गर्दी सगळी तिकडे, त्यामुळे इकडे निवांत होतं."

"पण ही तर म्हणाली होती की सह्या करून टाकेन!" मी रोवेनाकडे बोट दाखवलं.

"तुम्हाला काहीतरी उद्योग हवा होता, ताताय," रोवेना स्टुलावरून म्हणाली. "नाहीतर तुम्ही दोघांनी जेवणाच्या बेतात लक्ष घातलं असतं."

आठवडाभर जे लग्न मी खांद्यावर घेऊन चाललो होतो, ते मुळात माझ्या खांद्यावर नव्हतंच. माणसाला खरं तर राग यायला हवा. मी राग शोधला. होनोरिओही बहुतेक शोधत होते. पण दोघांनाही तो सापडला नाही. छातीवरचं ओझं उतरल्याचं इतकं सुख झालं होतं की मी दाराच्या चौकटीला धरून नुसता उभा राहिलो. जेर्विन मागून आला, कान लाल, चेहरा पडलेला. रोवेना त्याला म्हणाली, "तुला म्हटलं होतं ना, काहीही झालं तरी बोलायचं नाही!"

"एकच वाक्य बोललो," तो म्हणाला.

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "झगा चालताना बघायला हवा. जरा चालून दाखव."

रोवेना खाली उतरली. माझ्याजवळ आली, माझा हात तिने आपल्या हातात गुंफला. कंबर माझी अजून सरळ होत नव्हती, त्यामुळे मी तिच्यापेक्षा बराच बुटका झालो होतो.

"चालवेल का?" तिने विचारलं. "नाहीतर आई आणि मी..."

"चालवेल," मी म्हणालो.

स्वयंपाकघराच्या दारापासून आम्ही निघालो. ती माझ्यासाठी पावलं लहान टाकत होती आणि मी तिच्यासाठी मोठी. होनोरिओंनी केकचे नमुने उचलून वाट मोकळी केली आणि हातात ताटली धरून, चर्चमध्ये उभं राहावं तसे भिंतीला लागून ताठ उभे राहिले. रस्त्यावरच्या दारापर्यंत पोहोचलो, शेवटची दोन पावलं राहिली, तेव्हा मी थांबलो.

"दुखतंय का, ताताय?"

"नाही," मी म्हणालो. "परत तिकडून सुरू करू. मी जरा घाईत चाललो."